पाण्याचे रासायनिक गुणधर्म आणि सजीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीचे विद्यार्थी, नीटची तयारी करणारे, विज्ञान शिकवणारे आणि शेतात-स्वयंपाकघरात पाण्याशी रोज गाठ पडणारे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठूनही वाचायला सुरुवात करा. मागचा संदर्भ लागेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे मुद्दाम दिले आहेत. 'पाणी म्हणजे जीवन' एवढ्यावर थांबलं की यातलं काहीच हाती लागत नाही.

१. पाण्याचा रेणू ध्रुवीय असतो म्हणजे नक्की काय असतं?

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढण्यात हायड्रोजनपेक्षा बराच जोरकस आहे (विद्युतऋणता ३.४४ विरुद्ध २.२०). बंधातले इलेक्ट्रॉन त्याच्याकडे सरकलेले राहतात, म्हणून ऑक्सिजनवर अंशतः ऋण आणि दोन्ही हायड्रोजनवर अंशतः धन प्रभार येतो. पण एवढ्याने रेणू ध्रुवीय ठरत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्येही दोन ध्रुवीय बंध आहेत; ते एका सरळ रेषेत विरुद्ध दिशांना असल्यामुळे त्यांचा परिणाम शून्य होतो. पाण्याचा रेणू वाकलेला आहे, दोन बंधांमधला कोन १०४.५ अंश, त्यामुळे तशी वजाबाकी होत नाही. उत्तरपत्रिकेत फक्त 'ऑक्सिजन जास्त विद्युतऋण' लिहिलं तर उत्तर अर्धंच होतं. आकार लिहायलाच हवा.

२. हायड्रोजन बंध म्हणजे रेणूतल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनला जोडणारा बंधच ना?

नाही. सगळ्यात जास्त गुण याच गोंधळात जातात. रेणूच्या आतला बंध सहसंयुज. तो तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात. हायड्रोजन बंध हा एका रेणूचा हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन यांच्यातला. त्याला सुमारे २० किलोज्यूल पुरतात. पाणी उकळताना फक्त हा दुसरा बंध तुटतो, म्हणून वाफ हेही पाणीच असतं.

एक रेणू असे जास्तीत जास्त चार बंध करू शकतो. बर्फात चारही पक्के असतात. द्रव पाण्यात त्याहून थोडे कमी असतात आणि प्रत्येक बंध पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या, हिशेबात तुटून दुसरीकडे जुळतो. एकेक बंध क्षीण, पण एकत्रित जोर मोठा. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, तरी तो उणे ६० अंश सेल्सिअसला उकळतो, कारण गंधकाला असे बंध नीट जमत नाहीत. पाणी १०० अंशांपर्यंत द्रव राहतं. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

३. पाण्याला 'वैश्विक द्रावक' म्हणतात. मग हाडं, मुतखडे का विरघळत नाहीत?

'वैश्विक' हा शब्द सैल आहे. मिठासारख्या पदार्थात धन आणि ऋण आयन एकमेकांना धरून बसलेले असतात. पाण्यात ही ओढ निर्वातातल्या ओढीच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शावर येते (पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक खोलीच्या तापमानाला सुमारे ८०, इथेनॉलचा सुमारे २४, हेक्झेनचा २ च्या आसपास). शिवाय प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू कडं करतात: सोडियमकडे ऑक्सिजनची बाजू, क्लोराइडकडे हायड्रोजनची.

पण आयनांवरचा प्रभार वाढला आणि स्फटिकातली पकड घट्ट झाली, की हे कडं कमी पडतं. कॅल्शियम फॉस्फेट आणि कॅल्शियम ऑक्झलेट यांचं तसंच आहे. पहिल्यामुळे हाडं रक्तात विरघळून जात नाहीत, दुसऱ्याचे मुतखडे होतात. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला झालेला खडा विरघळवण्यासाठी नसतो. लघवीतलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट इतकं पातळ ठेवायचं की नवा स्फटिक धरू नये, हा त्याचा हेतू.

४. तेल आणि पाणी एकमेकांना ढकलतात का?

ढकलत नाहीत. तेलाच्या आणि पाण्याच्या रेणूंमध्ये थोडं आकर्षणच असतं. अडचण पाण्याच्या बाजूने आहे. तेलाचा रेणू हायड्रोजन बंध करू शकत नाही, म्हणून त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी बंध राखायला मोजक्याच दिशा उरतात. त्यांचं हालचालीचं स्वातंत्र्य कमी होतं, म्हणजेच एन्ट्रॉपी घटते. तेलाचे थेंब एकत्र आले की पाण्याला भिडणारं क्षेत्रफळ कमी होतं आणि अडकलेले रेणू सुटतात.

पेशीपटल याच कारणाने आपोआप तयार होतं. फॉस्फोलिपिडचं डोकं पाण्याकडे, दोन शेपट्या आत. प्रथिनांची घडीही बरीचशी यामुळेच पडते: जलद्वेषी अमिनो आम्लं आतल्या गाभ्यात जातात. अंडं उकडल्यावर ही घडी उलगडते, आत लपलेले भाग उघडे पडून एकमेकांना चिकटतात आणि पांढरं घट्ट होतं.

५. शरीरात पाणी असल्यामुळे तापमान स्थिर राहतं म्हणतात. आकड्यांत सांगाल का?

एक ग्रॅम पाणी १ अंशाने तापायला ४.१८ ज्यूल लागतात (हा त्याचा विशिष्ट उष्मा), इथेनॉलला २.४४, लोखंडाला ०.४५. ७० किलोच्या माणसाच्या शरीराचं तापमान १ अंशाने वाढायला सुमारे २४५ किलोज्यूल लागतात. नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला सुमारे ७,००० किलोज्यूल उष्णता तयार होते. ती बाहेर पडलीच नाही तर चोवीस तासांत तापमान २८ अंशांनी चढेल. म्हणजे विशिष्ट उष्मा फक्त वेळ मिळवून देतो. उष्णता बाहेर टाकावीच लागते, आणि कडक उन्हाळ्यात ते काम घामाचं.

त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात. १०० ग्रॅम घाम पूर्ण वाळला की २४० किलोज्यूल गेले, म्हणजे जवळपास एका अंशाचा हिशेब मिटला. अट 'वाळला' ही आहे. मुंबईत मे महिन्यात घामाच्या धारा लागतात पण हवेत आधीच बाष्प असतं; टपकून गेलेला घाम अंग थंड करत नाही, पाणी आणि मीठ मात्र घालवतो. नागपूरच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर चालतो आणि मुंबईत नुसती ओल वाढवतो, त्याचंही कारण हेच.

ओल्या फडक्याच्या तापमापीने मोजलेलं तापमान, ज्याला वेट-बल्ब म्हणतात, ३५ अंशांवर गेलं तर सावलीत पंख्याखाली बसूनही घामाने उष्णता निघत नाही. ही सैद्धांतिक मर्यादा. निरोगी तरुणांवरच्या प्रयोगांत शरीर त्याच्या बरंच आधी हात टेकतं असं दिसलं आहे.

६. थंडीच्या लाटेत द्राक्षबागेला पहाटे पाणी देतात. थंडीत पाणी देऊन ऊब कशी मिळते?

निफाड परिसरात थंडीची लाट आली की पारा ५ अंशांच्या खाली जातो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मात्र २०-२२ अंशांच्या आसपास असतं. १,००० लीटर पाणी २२ वरून ५ अंशांवर येताना सुमारे ७१,००० किलोज्यूल सोडतं, साधारण पाच किलो वाळलेल्या लाकडाइतकी उष्णता, तीही धूर न होता थेट मुळांजवळ. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री वरच्या थरापर्यंत लवकर पोचवते, हा दुसरा फायदा. शेततळ्याचं उघडं पाणी रात्रीत थंड होतं. पर्याय असेल तर बोअरचं द्या.

परदेशात बागांवर फवाऱ्याने पाणी मारून बर्फ होऊ देतात. गोठताना ग्रॅममागे ३३४ ज्यूल सुटतात आणि कळी शून्याच्या आसपास टिकते. यात चूक महागात पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,५०० ज्यूल ओढले जातात, म्हणजे साडेसात ग्रॅम गोठून मिळालेली उष्णता एक ग्रॅमच्या बाष्पीभवनात जाते. वारा कोरडा असेल किंवा बर्फ वितळण्याआधी फवारा बंद केला, तर पाणी न मारलेल्या बागेपेक्षा जास्त नुकसान होतं.

७. बर्फ तरंगतो याचा सजीवांना काय फायदा? आणि हे समुद्रालाही लागू आहे का?

बर्फात चारही हायड्रोजन बंध पक्के झाल्याने रेणूंमध्ये पोकळ जागा राहते, घनता ०.९१७. गोडं पाणी ४ अंशांना सर्वात जड असतं. तलाव वरून थंड होत गेला की ४ अंशांचं पाणी तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर राहतं आणि गोठतं. कडक हिवाळ्यात श्रीनगरचं दल सरोवर वरून गोठलं तरी मासे खाली राहतात ते यामुळे.

समुद्राला ४ अंशांचा नियम लागू नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. क्षारता किलोला सुमारे २५ ग्रॅमच्या वर गेली की पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं. समुद्रात ती साधारण ३५ असते आणि गोठणबिंदू उणे १.९ अंश. बर्फ तिथेही तरंगतो, पण त्याखालचं पाणी ४ अंशांचं नसतं. अंटार्क्टिकातल्या काही माशांचं रक्त या पाण्यात गोठायला हवं होतं. त्यांच्या रक्तातली गोठणरोधक ग्लायकोप्रथिनं बर्फाच्या इवल्या कणांना चिकटतात आणि ते वाढू देत नाहीत.

८. घरच्या फ्रीझरमधली भाजी लिबलिबीत का होते?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पण मुख्य दोष गोठण्याच्या संथ गतीचा आहे. हळू गोठलं की मोजके आणि मोठे स्फटिक बनतात, तेही आधी पेशींच्या बाहेर. ते आतलं पाणी ओढून घेतात, पेशी सुकते आणि पटल फाटतं. कारखान्यात मटार उणे ३०-४० अंशांच्या झोतात काही मिनिटांत गोठवतात, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात. घरी करायचं तर मटार मिनिट-दीड मिनिट उकळत्या पाण्यात काढा, लगेच गार पाण्यात टाका, पूर्ण कोरडे करा आणि ताटात एकेरी थर पसरून गोठवा. पिशवीत नंतर भरा. काकडी, टोमॅटोच्या वाटेला जाऊ नका.

९. झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी केशाकर्षणाने चढतं ना?

एकट्या केशाकर्षणाने नाही. जलवाहिनीची त्रिज्या २० मायक्रोमीटर धरली तर केशाकर्षण पाणी पाऊण मीटर चढवेल. हवेचा दाब १०.३ मीटरपर्यंत. माड याहून सहज उंच जातो आणि कॅलिफोर्नियातले रेडवुड ११५ मीटरपर्यंत.

मान्य असलेलं स्पष्टीकरण डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलं. पानांच्या पेशीभित्तिकांमधल्या, काही नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांतून बाष्पोच्छ्वास होतो. तिथल्या पाण्याचा वक्र पृष्ठभाग खालचा अख्खा स्तंभ ओढून धरतो. इतक्या अरुंद छिद्रात तो कितीतरी मेगापास्कलची ओढ सहन करतो. ११५ मीटरचं वजन पेलायला १.१ मेगापास्कल पुरतात, घर्षणाचे वेगळे. म्हणजे केशाकर्षण आहे, पण ते पानात. वाहिनीत काम करतं ते रेणूंचं आपसातलं आकर्षण.

ओढीखालच्या या स्तंभात हवेचा बुडबुडा शिरला की तो तुटतो आणि ती वाहिनी बाद होते. गुलाब, जर्बेरा आणून फुलदाणीत ठेवल्यावर माना टाकतात त्याचं हे एक कारण: देठ हवेत कापला की कापलेल्या टोकातून हवा आत खेचली जाते. भांड्यातल्या पाण्याखाली धरून, धारदार पात्याने, टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर तिरका काप घ्या. बोथट कात्री वाहिन्या चेपते. पाण्यात बुडणारी पानं काढा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला, कारण कुजलेल्या पानांवरचे जिवाणूही देठाची तोंडं बुजवतात.

१०. पृष्ठताणाचा शरीराशी काय संबंध?

फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात. त्रिज्या ०.१ मिलिमीटर आणि पृष्ठताण शुद्ध पाण्याइतका, मीटरला ०.०७ न्यूटन, धरला तर वायुकोश मिटू न देण्यासाठी १४ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब लागेल. दर श्वासाला एवढा जोर परवडत नाही. म्हणून तिथल्या पेशी सर्फॅक्टंट सोडतात आणि ताण एक तृतीयांशावर किंवा त्याहून खाली आणतात. गर्भात हे पुरेसं तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी बाळ जन्मलं तर श्वास घेताना छाती आत ओढली जाते. वेळेआधी प्रसूतीची शक्यता दिसली की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात ते हे सर्फॅक्टंट लवकर तयार व्हावं म्हणून.

११. शेततळ्यातले मासे पहाटेच का मरतात?

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लीटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५. ऑक्सिजनचा रेणू ध्रुवीय नाही, त्यामुळे मुळातच तो फार विरघळत नाही. दिवसा शेवाळ ऑक्सिजन देतं, रात्रभर तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ तो खर्च करतात. सूर्योदयाच्या आधी पातळी सर्वात खाली असते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर लगेच एअरेटर लावा किंवा पंपाने पाणी उंचावरून पाडा, त्या दिवशीचं खाद्य बंद ठेवा. पाणी गर्द हिरवं असेल आणि दिवसभर ढग असतील, त्या रात्री जागं राहायची तयारी हवी.

१२. शुद्ध पाण्याचा पीएच नेहमी ७ असतो का? आमच्या डिस्टिल्ड वॉटरचा ५.६ येतो.

७ हा आकडा २५ अंशांचा. तापमान वाढलं की पाण्याचं आयनीभवन वाढतं: ३७ अंशांना उदासीन पीएच ६.८, १०० अंशांना सुमारे ६.१. पाणी आम्लधर्मी होत नाही, कारण दोन्ही आयन सारखेच वाढतात. रक्ताचा ७.३५ ते ७.४५ हा पीएच शरीराच्या तापमानाला उदासीन बिंदूपासून अर्ध्याहून जास्त अंकाने वर आहे, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

५.६ बरोबर आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक आम्ल झालं. ताजं पाणी पाच-दहा मिनिटं उकळून, झाकण लावून गार केलं की आकडा वर सरकेल. वाचन सारखं हलत असेल तर मीटरला दोष देऊ नका. आयनच नसल्याने इलेक्ट्रोड चाचपडतो. शंभर मिलिलीटरमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे दोन-चार कण टाका. आणि इलेक्ट्रोड कधीही डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवू नका, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा.

१३. अल्कलाइन किंवा 'स्ट्रक्चर्ड' पाण्याने शरीरातली आम्लता कमी होते का?

नाही. पीएच ९ च्या एक लीटर पाण्यात हायड्रॉक्साइड असतं एका मोलचा एक लाखावा भाग. जठररसाचा पीएच १.५ धरला तर ते संपवायला त्या रसाचा एक तृतीयांश मिलिलीटर, म्हणजे सहा-सात थेंब, पुरतो. बायकार्बोनेट घातलेलं पाणी असेल तर जास्त लागेल, पण जठर दिवसाला दीड-दोन लीटर रस बनवतं. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात.

'स्ट्रक्चर्ड', म्हणजे रेणूंची खास रचना केल्याचा दावा असलेल्या, पाण्याबद्दल: पाण्यातली रचना किती वेळ टिकते ते प्रश्न २ मध्ये दिलं आहे. बाटलीतून पेल्यात येईपर्यंत त्यातलं काय उरेल ते तुम्हीच ठरवा.

१४. लोणार सरोवराचा पीएच १० च्या आसपास आहे. तिथे जीव कसे तगतात?

पेशीच्या आतला पीएच बाहेरच्यापेक्षा कमी ठेवून. तिथल्या सूक्ष्मजीवांच्या पटलात सोडियम बाहेर टाकून हायड्रोजन आयन आत घेणारी प्रथिनं असतात. त्यावर खारटपणाचा ताण वेगळा. मीठप्रिय आर्किआ (जिवाणूंसारखे एकपेशीय जीव) पेशीत पोटॅशियम क्लोराइड साठवतात, नाहीतर आतलं पाणी बाहेर जाईल. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत हेच हॅलोआर्किआ सापडले. पाणी आटून क्षारता वाढली की त्यांचं फावतं.

१५. आरओचं पाणी क्षार नसलेलं, मग परासरणाने पेशी फुटत नाहीत का?

परासरण म्हणजे पाणी पटलातून फिक्या द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणं. रक्तरसाची तीव्रता लीटरला सुमारे २९० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप). नळाचं बरं पाणी फार तर ५ ते १०. म्हणजे रक्ताच्या तुलनेत नळाचं आणि आरओचं पाणी सारखंच अवपरासारी, म्हणजे फिकं. प्यायलेलं पाणी जठरात-आतड्यात मिसळून शोषलं जातं, त्यामुळे पेशींना धक्का बसत नाही. तेच शिरेतून दिलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतात, म्हणून सलाइनमध्ये लीटरला ९ ग्रॅम मीठ असतं. धोका प्रमाणाचा आहे: मूत्रपिंडं तासाला जेमतेम ०.८ ते १ लीटर पाणी बाहेर टाकू शकतात. मॅरेथॉनमध्ये तासन्‌तास त्याहून जास्त साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम १३५ मिलिमोलच्या खाली घसरतं, मेंदूला सूज येते आणि जीवही जाऊ शकतो.

१६. प्रात्यक्षिकात प्लाझ्मोलिसिस दिसतच नाही. काय चुकतं?

प्लाझ्मोलिसिस म्हणजे दाट द्रावणात पेशीतलं पाणी बाहेर जाऊन आतला भाग भित्तिकेपासून सुटून आक्रसणं. ते दिसत नाही तेव्हा बहुतेक वेळा सोललेला तुकडा जाड असतो किंवा द्रावण फिकं असतं. ऱ्होइओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी बाजू घ्या. पान तिरकं फाडलं की कडेला पारदर्शक जांभळी पापुद्री सुटते. हिरवा भाग लागलेला तुकडा टाकून द्या. आधी साध्या पाण्यात मांडून पेशी जांभळ्या भरलेल्या दिसतात का बघा. मग ०.५ मोलर साखर, म्हणजे १७१ ग्रॅम साखर विरघळवून एक लीटर केलेलं द्रावण, काचपट्टीच्या एका कडेने सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ओढून घ्या. दहा-पंधरा मिनिटं थांबा; दोन मिनिटांत निकाल मागू नका. ०.१ मोलर द्रावण पेशीरसापेक्षा फिकं असतं, त्यात काहीच होणार नाही. शेवटी पुन्हा पाणी सोडा. पेशी परत भरल्या तर त्या जिवंत होत्या. नाही भरल्या तर तुम्ही मेलेल्या पेशी बघत होता.

१७. ओआरएसमध्ये साखर कशाला? नुसतं मीठ-पाणी का चालत नाही?

आतड्यातलं एक वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेतं; त्यांच्यामागून परासरणाने पाणी जातं. पटकीतही हा मार्ग शाबूत असतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर तोंडाने क्षारसंजीवनी देऊन मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लीटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, एकूण २४५ मिलिऑस्मोल. पाकीट नसेल तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नका.

सर्वात मोठी चूक म्हणजे लीटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवणं. द्रावण अतिपरासारी, म्हणजे रक्तापेक्षा दाट, होतं, आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. गोड शीतपेयांचंही तेच. दोनशे मिलिलीटरची छोटी पाकिटंही मिळतात, मागचं प्रमाण वाचा. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलेलं फेका, पुन्हा उकळू नका. बाळ ओकलं तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने सुरू करा. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले किंवा मूल निपचित पडलं, तर घरी थांबू नका.

१८. पाणी पेशीपटलातून सहज जातं, मग वेगळ्या वाहिन्या कशाला?

जातं, पण सावकाश. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लीटर गाळून त्यातलं दीड-दोन लीटरच बाहेर टाकतात. नुसत्या झिरपण्यावर हे भागणार नाही. पीटर ॲग्र यांनी १९९२ मध्ये अक्वापोरिन या प्रथिनाचं काम दाखवलं, त्यासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल. एक वाहिनी सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू सोडते, पण हायड्रोजन आयन अडवते. पाण्यातला हायड्रोजन आयन हायड्रोजन बंधांच्या साखळीवरून एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारत जातो. वाहिनीच्या मध्यावर प्रत्येक रेणूला कूस बदलावी लागते, तिथे साखळी तुटते आणि आयन अडतो.

१९. प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन पाण्यातून येतो की कार्बन डायऑक्साइडमधून?

पाण्यातून. रुबेन आणि कामेन यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन-१८ ची खूण असलेलं पाणी वापरून हे दाखवलं. म्हणूनच पूर्ण समीकरणात डाव्या बाजूला पाण्याचे बारा रेणू लिहितात आणि उजवीकडे सहा परत येतात. सहा-सहा छाटले की ऑक्सिजन कुठून आला ते कळत नाही.

२०. लोणच्यात, मधात पाणी असतं. मग ते का नासत नाही?

किती पाणी आहे यापेक्षा सूक्ष्मजीवाला त्यातलं किती मोकळं मिळतं ते महत्त्वाचं. याला जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची १. बहुतेक जिवाणूंना ०.९१ च्या वर लागते, स्टॅफिलोकॉकस ०.८६ पर्यंत तग धरतो, बहुतेक बुरश्या ०.८० पर्यंत, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही.

किलोभर कैरीच्या फोडींत साधारण ८५० ग्रॅम पाणी असतं. त्यात २०० ग्रॅम मीठ घातलं तर जलक्रियता ०.८५ च्या आसपास येते, वर कैरीचा आंबटपणा. मीठ १०० ग्रॅमवर आणलं तर आकडा ०.९३ होतो आणि ते लोणचं बरणीत नाही, फ्रीजमध्येच ठेवायला हवं. वरचं तेल मोकळं पाणी कमी करत नाही. ते हवा तोडतं आणि बुरशीला हवा लागते. ओला चमचा घातला की तेवढ्या जागी मीठ पातळ होतं आणि बुरशी तिथूनच धरते.

मधाची जलक्रियता ०.६ च्या आसपास. अपवाद लक्षात ठेवा: जिवाणू वाढत नाहीत, पण बॉट्युलिझमचे बीजाणू मधात जिवंत राहू शकतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये.

२१. कोरड्या बियाण्यात पाणी नसताना जीव कसा टिकतो?

थोडं पाणी असतंच. साखरेसारखे रेणू प्रथिनांभोवतीच्या पाण्याची जागा घेतात आणि पेशीद्रव्य काचेसारखं घट्ट होतं. क्रिया जवळजवळ थांबतात. साठवणुकीचा हॅरिंग्टनचा ठोकताळा असा: ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर दर एक टक्का कमी केल्यावर बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. आंबा, फणस, कोकम यांना हे लागू नाही. त्यांच्या बिया वाळवल्या की मरतात. फळ खाल्लं की लगेच लावा.

२२. जड पाणी प्यायलं तर माणूस मरतो का?

इथे ड्यूटेरियमचं पाणी अभिप्रेत आहे, बोअरचं क्षारयुक्त पाणी नव्हे. रायगड जिल्ह्यातल्या थळ इथे अणुभट्ट्यांसाठी ते तयार होतं. रासायनिकदृष्ट्या ते पाणीच, पण त्यातले हायड्रोजन बंध किंचित घट्ट: ते ३.८ अंशांना गोठतं, १०१.४ ला उकळतं आणि ड्यूटेरियमशी जोडलेले बंध तोडणाऱ्या जैविक क्रिया मंदावतात. सस्तन प्राण्यांत शरीरातलं पाव पाणी बदललं की वंध्यत्व, निम्म्याच्या आसपास गेलं की मृत्यू. माणसाला तिथवर पोचायला कित्येक दिवस दुसरं काहीच न पिता हेच प्यावं लागेल. पेलाभराने काही होत नाही. उलट ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ अशा दोन्ही खुणा असलेलं थोडं पाणी पाजून, पुढचे एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून, माणूस रोज किती ऊर्जा खर्च करतो ते मोजतात: ऑक्सिजनची खूण पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्ही वाटांनी बाहेर पडते, ड्यूटेरियमची फक्त पाण्यातून, आणि दोन्हींच्या घटण्यातला फरक म्हणजे उच्छ्वासातून गेलेला कार्बन डायऑक्साइड.